मोटारसायकलीवर एलईडी प्रोजेक्टर दिवा : बसविण्यापूर्वी आणि बसविताना

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर रात्री-अपरात्री उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसू लागतात. त्यांपैकी कित्येकींच्या मागील बाजूस ना दिवा असतो, ना प्रकाश परावर्तित करणारी पट्टी. कृषिपंपाच्या विजेची पाळी रात्री आली म्हणून शेताकडे निघालेला, किंवा औद्योगिक वसाहतीतील दुसरी पाळी संपवून गावी परतणारा मोटारसायकलस्वार याच रस्त्याने येत असतो. समोर काही आहे हे त्याला किती अंतरावरून कळते, यावर पुढील चार-दोन सेकंदांत काय घडणार ते अवलंबून असते.

याचा साधा हिशेब मांडून पाहता येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दर सेकंदास जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. अडथळा दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत दीड ते दोन सेकंद जातात. तेवढ्या अवधीत २५ ते ३३ मीटर रस्ता मागे पडतो. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर बेताने ब्रेक लावून वाहन थांबण्यास आणखी सुमारे २८ मीटर लागतात. म्हणजेच निदान ५५ ते ६० मीटरवरचा अडथळा दिसला, तरच वाहन त्याच्या अलीकडे थांबू शकते. वेग ८० किलोमीटर झाला की हेच अंतर ९० मीटरांच्या पुढे जाते. जुन्या मोटारसायकलीचा पिवळसर, काच धुरकटलेला दिवा इतके अंतर क्वचितच उजळतो.

२०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होत्या. या सर्वच मृत्यूंचा संबंध दिव्यांशी जोडता येणार नाही, हे उघड आहे. तथापि रात्री स्वतःला अधिक दिसावे, असे दुचाकीस्वारास वाटत असेल तर ती हौस नव्हे; ती गरज आहे. या गरजेपोटीच गेल्या काही वर्षांत जुना दिवा काढून एलईडीचा प्रोजेक्टर दिवा बसवून घेण्याकडे कल वाढला आहे. पुण्याच्या नाना पेठेपासून तालुक्याच्या गावातील सजावटीच्या दुकानापर्यंत असे दिवे मिळतात. मात्र असा दिवा बसवून घेणाऱ्याचे समाधान आणि समोरून येणाऱ्याची तक्रार या दोन्ही गोष्टी एकदमच वाढलेल्या दिसतात. असे का व्हावे, हे समजून घ्यावयाचे तर दिव्यात प्रकाश कसा घडविला जातो, ते आधी पाहावे लागेल.

जुन्या दिव्यातील योजना

मोटारसायकलीच्या पारंपरिक दिव्यात एक चकचकीत अंतर्वक्र परावर्तक असतो व त्याच्या नाभीपाशी बल्ब बसविलेला असतो. बहुसंख्य दुचाकींवर ३५/३५ वॅटचा, तर मोठ्या मोटारसायकलींवर ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा असतात. वरच्या झोताची, म्हणजे ‘अपर’ची तार परावर्तकाच्या नाभीवर असते, त्यामुळे तिचा प्रकाश सरळ दूरवर जातो. खालच्या झोताची, म्हणजे ‘डिपर’ची तार नाभीच्या किंचित पुढे असते आणि तिच्याखाली धातूची एक लहानशी वाटी असते. या वाटीमुळे प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. खालच्या अर्ध्या भागावर पडला असता तर तो वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. नखाएवढ्या त्या वाटीवर समोरच्याची दृष्टी अवलंबून असते.

वाटीची डावी कड १५ अंशांनी उतरती ठेवलेली असते, त्यामुळे झोताची डावी बाजू थोडी वर चढते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. डावीकडचे पादचारी, सायकलस्वार व मैलाचे दगड लांबून दिसावेत आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र प्रकाश जाऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

या योजनेत तारेची जागा अत्यंत नेमकी असावी लागते. परावर्तकाची नाभी साधारणतः २५ मिलिमीटरवर आहे असे धरल्यास, प्रकाशाचा उगम एक मिलिमीटर जरी वर-खाली सरकला तरी किरणांची दिशा सुमारे सव्वादोन अंशांनी बदलते. २५ मीटर अंतरावर हा फरक जवळजवळ एक मीटरचा होतो. रस्त्यावर पडावयाचा प्रकाश तेवढ्याने समोरच्या मोटारचालकाच्या तोंडावर जातो.

बाजारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक विकला जाणारा उपाय नेमका येथेच फसतो. जुना परावर्तक तसाच ठेवून हॅलोजन बल्बच्या जागी एलईडीचा बल्ब खोचला जातो. हॅलोजनची तार म्हणजे काही मिलिमीटर लांबीची बारीक गुंडाळी. तिचा प्रकाश सभोवार पडतो. एलईडी बल्बमध्ये मात्र एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना चपट्या चकत्या लावलेल्या असतात. त्यांचा प्रकाश मुख्यतः डाव्या-उजव्या अंगास पडतो आणि पट्टीच्या जाडीमुळे उगमाची जागाही मूळ तारेपाशी राहत नाही. परिणामी झोताचा आकार विस्कटतो. गाडीच्या अगदी पुढ्यात लख्ख उजेड पडतो, झाडांचे शेंडे उजळून निघतात आणि ५० मीटरवरचा खड्डा पूर्वीइतकाच अंधारात राहतो. पुढ्यातील उजेडाने डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते, त्यामुळे दूरचे उलट कमीच दिसते. चालकाची मात्र दिवा सुधारल्याची खात्री पटलेली असते!

एलईडी बल्ब परावर्तकात कधीच चालू शकत नाही, असा याचा अर्थ नव्हे. जर्मनीत २०२० पासून असे काही बल्ब अधिकृतपणे वापरता येऊ लागले. परंतु परवानगी सरसकट नाही. विशिष्ट बल्ब आणि विशिष्ट वाहनाचा दिवा यांची जोडी तपासून मगच ती दिली जाते. ‘कोणत्याही गाडीला बसतो’ असे वेष्टनावर छापलेल्या बल्बला असा कोणताच आधार नसतो.

शांबरिक खरोलिकेचे तत्त्व

प्रोजेक्टर दिव्याची रचना मुळातच निराळी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने रंगीत चित्रपट्ट्यांचे खेळ दाखविले. दिवा, त्याच्या पुढे काचेवरील चित्र आणि चित्रापुढे भिंग, अशी त्या यंत्राची मांडणी असे. भिंगातून जाताना प्रतिमा उलटते, म्हणून पडद्यावर चित्र सुलट दिसावे यासाठी काच यंत्रात उलटी घालावी लागे. प्रोजेक्टर दिवा हे याच तत्त्वाचे आधुनिक रूप आहे. फक्त काचेवरील चित्राच्या जागी येथे धातूची एक पडदी असते आणि पडद्याच्या जागी रस्ता असतो.

या दिव्यातील परावर्तक लंबवर्तुळाच्या आकाराचा असतो. लंबवर्तुळास दोन नाभी असतात. पहिल्या नाभीपाशी एलईडीची चकती ठेवली की तिचा प्रकाश दुसऱ्या नाभीपाशी गोळा होतो. तेथे खालच्या अंगाने ही पडदी उभी असते. तिच्यावरून निसटणारा प्रकाश पुढील जाड बहिर्वक्र भिंगातून बाहेर पडतो आणि प्रतिमा उलटल्यामुळे पडदीची खालची सावली वर जाते. समोर भिंतीवर पाहिल्यास खाली भरगच्च उजेड, वर काळोख आणि दोहोंमध्ये सुरीने कापल्यासारखी रेषा दिसते. ही रेषा हेच प्रोजेक्टर दिव्याचे सारसर्वस्व होय. ‘अपर’ लावला की एक लहान विद्युतचुंबक पडदी खाली ओढतो व वरचा भागही उजळतो. बटण दाबताच दिव्यातून येणारा बारीकसा ‘टक्’ आवाज त्या पडदीचा असतो.

अशा रचनेचे दिवे मोटारींमध्ये गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून येऊ लागले. तेव्हा त्यांत हॅलोजन बल्ब असत. पांढरा प्रकाश देणारी एलईडी त्यानंतरची. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या प्रकाशावर पिवळ्या प्रस्फुरक द्रव्याचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळविला जातो. २००७ साली लेक्सस कंपनीच्या एका मोटारीत खालच्या झोतासाठी एलईडी प्रथम वापरात आली आणि पुढील दहा वर्षांत ती दुचाकींपर्यंत पोहोचली.

दिवा निवडताना

वेष्टनावरील आकड्यांवर विसंबून दिवा घेणे, ही पहिली चूक ठरते. ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब खालच्या झोतात सुमारे ५२५ ल्युमेन, तर मोठा ५५ वॅटचा बल्ब सुमारे १,००० ल्युमेन प्रकाश देतो. चांगली एलईडी एका वॅटमागे साधारणतः १०० ते १५० ल्युमेन देते. तेव्हा ३० वॅटच्या दिव्यावर ‘२०,००० ल्युमेन’ असे छापलेले आढळल्यास तो आकडा जाहिरातीचा आहे, असे खुशाल समजावे. शिवाय चकतीतून निघालेला सर्व प्रकाश रस्त्यापर्यंत पोहोचत नाही. पडदी, परावर्तक व भिंग आपापला वाटा घेतातच. म्हणून दिवा घेताना तो दुकानाच्या भिंतीवर लावून पाहणे, हे कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक बोलके ठरते. रेषा सरळ व स्वच्छ आहे काय, रेषेच्या लगत खाली सर्वाधिक उजेड आहे काय, वरच्या काळोखात प्रकाशाचे ठिपके तर नाहीत ना, एवढे पाहावे.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट अवश्य पाहावी. बाजारात येणारे कित्येक प्रोजेक्टर उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनविलेले असतात. चीन, अमेरिका आणि युरोपातील बहुतेक देश या वर्गात मोडतात. अशा दिव्याची रेषा उजवीकडे वर चढते. तो आपल्या रस्त्यावर लावला की चढती बाजू नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते आणि कितीही खाली वाकविला तरी हा दोष जात नाही. रेषा डावीकडे चढणारी असावी, किंवा दुचाकींच्या कित्येक दिव्यांत असते तशी आडवी सरळ तरी असावी. उजवीकडे चढणारा दिवा कितीही स्वस्त मिळाला तरी परत करावा.

प्रकाशाच्या रंगाविषयीही बरेच गैरसमज आहेत. हॅलोजनचा प्रकाश पिवळसर, सुमारे ३,२०० केल्व्हिनचा असतो. एलईडीचा बहुधा ५,५०० ते ६,५०० केल्व्हिनचा, निळसर झाक असलेला असतो. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो असे सांगितले जाते. वस्तुतः धुक्यातील जलबिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की ते सर्वच रंग सारखेच विखुरतात. धुक्यात उपयोगी पडतो तो झोताचा खालचा रोख. तथापि निळसर प्रकाश डोळ्यांस अधिक बोचतो, विशेषतः वयस्कर व्यक्तींना, हे खरे आहे. म्हणून फार निळा दिवा टाळणेच इष्ट. पावसाळ्यात ओला रस्ता आरशासारखे काम करतो. आपला प्रकाश आपल्याकडे परत न येता पुढे निघून जातो, त्यामुळे आपल्याला रस्ता काळा दिसतो आणि समोरच्याला मात्र आपला दिवा दुप्पट भासतो. अशा वेळी अधिक प्रखर दिवा फारसा कामी येत नाही. वेग कमी करण्याखेरीज गत्यंतर नसते.

विजेचा आणि उष्णतेचा प्रश्न

एलईडीस एकाच दिशेने वाहणारी, स्थिर वीज लागते. जुन्या कित्येक मोटारसायकलींत मात्र दिव्याची वीज बॅटरीतून न येता थेट इंजिनाच्या कॉईलमधून येते. ती दिशा बदलणारी असते व इंजिनाच्या गतीबरोबर कमी-जास्त होते; गाडी जागेवर उभी असताना दिवा मंदावतो तो याच कारणाने. अशा तारांवर एलईडी जोडल्यास ती लुकलुकते किंवा तिचा नियंत्रक जळतो. या गाड्यांत योग्य रेक्टिफायर बसवून दिवा बॅटरीच्या बाजूस घ्यावा लागतो आणि हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. बॅटरीवर दिवा चालणाऱ्या नव्या गाड्यांत काम सोपे असते. तरीही मूळ ३५ वॅटच्या जागी प्रत्येकी ३० वॅटचे दोन प्रोजेक्टर बसविले, तर भार जवळजवळ दुप्पट होतो. मंदगतीने शहरात फिरणाऱ्या गाडीची बॅटरी मग हळूहळू उतरू लागते आणि एके दिवशी सकाळी बटण दाबून गाडी सुरू होत नाही.

जोडणी करताना मूळ तारा कापू नयेत. मूळ जोडणीतून रिलेस केवळ इशारा द्यावा व दिव्यासाठी वीज बॅटरीवरून स्वतंत्र तारेने, फ्यूज घालून आणावी. १२ व्होल्टवर ६० वॅटच्या भारास ५ अँपिअर प्रवाह लागतो, तेव्हा साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरेसा होतो. हँडल दोन्ही टोकांस वळवून तारा कोठे ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावयास बरेच जण विसरतात. १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो; नवा दिवा बसविताना ही व्यवस्था तशीच राहिली पाहिजे.

एलईडीचा प्रकाश थंड असतो, हे अर्धसत्य आहे. तिच्या झोतात उष्णता नसते, पण चकतीच्या पाठीमागे ती भरपूर निर्माण होते. ती बाहेर काढण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पाती किंवा छोटा पंखा लागतो. बंद ‘डूम’मध्ये कोंडलेला दिवा तापला की त्याचा प्रकाश घटतो आणि आयुष्यही. याउलट पुढील काच मात्र थंडच राहते. हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरील दमटपणा वाळून जात असे. एलईडीने तो वाळत नाही. कोकणात पावसाळाभर काचेच्या आतील बाजूस दव साचलेले दिसते ते यामुळे. त्यासाठी डूम उघडल्यावर काचेभोवतीचा जुना चिकट लेप पूर्णपणे काढून नवा भरावा लागतो आणि हवा खेळण्याची मूळ नळी बुजणार नाही, अशी काळजी घ्यावी लागते. काचेवर उभ्या रेघांची नक्षी असेल तर प्रोजेक्टर तिच्यामागे बसविण्यात अर्थ नाही. भिंगाने आखलेली रेषा ती नक्षी पुन्हा विस्कटून टाकते. तेथे साधी सपाट काचच हवी.

हे सर्व पाहता, जुना डूम फोडून त्यात प्रोजेक्टर बसविण्यापेक्षा संपूर्ण दिवाच बदलणे अधिक बरे. सात इंची गोल दिवा असलेल्या गाड्यांसाठी असे तयार, मोहोरबंद दिवे मिळतात. त्यांत भिंग, पडदी व उष्णता काढण्याची सोय कारखान्यातच एकमेकांशी जुळविलेली असते. गाडीच्या निर्मात्याने त्याच मॉडेलसाठी एलईडीचा दिवा अधिकृत सुटा भाग म्हणून दिला असेल, तर तो सर्वांत निर्धोक.

कायदा काय म्हणतो

वाहनावरील दिवे हा मंजुरीचा विषय आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था, तसेच देशातील अन्य मान्यताप्राप्त संस्था, वाहनांची व त्यांच्या दिव्यांची प्रमाणांनुसार तपासणी करून प्रमाणपत्र देतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये, नियमांत न बसणारे सुटे भाग लावून फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून प्रमाणपत्राचे चिन्ह नसलेला दिवा खरेदी करण्यापूर्वी दोनदा विचार करावा, प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी व विमा कंपनीसही कळवावे. जुना दिवा टाकून देऊ नये. १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीस न्यावयाची वेळ येते, तेव्हा तो हाताशी असलेला बरा.

दुचाकीची खास अडचण

मोटारीच्या दिव्याचे नियम जसेच्या तसे दुचाकीस लावून चालत नाही, कारण दुचाकी कलते. डाव्या वळणावर गाडी डावीकडे झुकली की तिच्याबरोबर प्रकाशाची ती सुरेख रेषाही कलंडते. डावे टोक खाली जाते व उजवे वर उचलले जाते. म्हणजे जेथे वळावयाचे आहे तो वळणाचा आतील भाग अंधारात जातो आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड चढतो. उजव्या वळणावरही आतील बाजूच काळी पडते. जुन्या हॅलोजनच्या झोताची कड पुसट असल्याने हा दोष तितका जाणवत नसे. प्रोजेक्टरच्या धारदार रेषेमुळे तो एकदम डोळ्यांत भरतो. आंबा घाट किंवा वरंध घाट रात्री चढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पूर्वीइतक्याच वेगाने वळण घेऊ पाहणारा चालक क्षणभर अक्षरशः काळोखात शिरतो. बीएमडब्ल्यू कंपनीने २०११ मध्ये आपल्या के १६०० या मोटारसायकलीत कलण्याच्या मानाने झोत सरळ करणारा दिवा आणला. पण अशी सोय महागड्या गाड्यांपुरतीच आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. मागे माणूस बसला की मागील स्प्रिंग दबतात आणि दिवा आकाशाकडे पाहू लागतो. जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवरील दिव्याची रेषा १०० मीटरमागे एक मीटर उतरेल अशी ठेवली, तर ती ९० मीटरवर रस्त्यास टेकते. मागील वजनाने गाडीचे नाक एक अंशाने जरी वर उचलले गेले, तरी तीच रेषा खाली उतरण्याऐवजी वर चढू लागते आणि ५० मीटरवर सव्वा मीटरहून अधिक उंचीवर जाते. मोटारचालकाचे डोळे साधारण याच उंचीच्या आसपास असतात. एकट्याने फिरताना बिनचूक असलेला दिवा कुटुंब घेऊन निघताच समोरच्यास आंधळा करतो, तो असा.

यास्तव दिवा बसवून झाला म्हणजे काम संपत नाही; तो लावून घेण्याचे, म्हणजे त्याचा रोख ठरविण्याचे काम उरते आणि दुकानात याच कामाला सर्वांत कमी वेळ दिला जातो. टायरांत योग्य हवा भरून गाडी सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करावी. स्वतः आसनावर बसावे. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी. खालच्या झोताची कड या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली व तिला समांतर यावी. ती तिरपी दिसत असेल तर प्रोजेक्टर आपल्या खोबणीत फिरलेला आहे. तो पुन्हा बसवावा. एकसिलिंडरी इंजिनाच्या हादऱ्यांनी पट्टीचे स्क्रू सैल होतात, म्हणून पहिल्या आठवड्यानंतर हीच तपासणी पुन्हा करावी.

त्यानंतर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ ची कसोटी घ्यावी. दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस झोताने दिपता कामा नये, असे हा नियम सांगतो. मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे उभे असताना साधारण तेवढ्याच उंचीवर येतात. तेव्हा घरातील कोणासही त्या जागी उभे करावे व खालचा झोत लावावा. दिवा ठीक असल्यास प्रकाशाची कड त्या व्यक्तीच्या कमरेच्या जरा खाली राहते आणि तिला भिंगात केवळ मंद उजाळा दिसतो. मग नेहमी मागे बसणाऱ्या व्यक्तीस आसनावर घ्यावे. कड वर सरकेल. एका अंशास १४ सेंटिमीटर या हिशेबाने ती किती सरकली, ते समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरच दिसेल. तेवढा रोख दिव्याच्या स्क्रूने खाली घ्यावा आणि मगच गाडी रात्रीच्या रस्त्यावर काढावी.